लग्नातल्या मशीनच्या कॉफीचा फेस घरी आणता येईल?

प्रश्न : आमच्याकडे लग्नाच्या रिसेप्शनला मशीनची एक्सप्रेसो कॉफी असतेच. तसा दाट फेस घरी काही केल्या येत नाही. दूध मिक्सरमधून काढलं तर मोठे बुडबुडे येतात आणि लगेच बसतात. घरात गंजभर म्हशीचं दूध असतं, ते चालेल का? कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावून वाफ देता येते असंही ऐकलं. खरं आहे का?
– एक वाचक, मंगरुळपीर

उत्तर : फेस आणता येतो, आणि म्हशीचं दूधही त्याला चालतं. त्या मशीनमध्ये बॉयलरच्या वाफेशिवाय फारसं काही नसतं. भांड्यात दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफी एकत्र करून त्यात वाफेची नळी धरतात. फेस येतो तो दुधाचा.

कारागिराचा हात नीट पाहा. सुरुवातीला तो नळीचं टोक दुधाच्या अगदी पृष्ठभागावर धरतो. चर्र असा आवाज येतो, तेव्हा वाफेबरोबर हवा आत ओढली जात असते. मग तो नळी खाली नेतो आणि दूध भोवऱ्यासारखं फिरू लागतं. या फिरण्यात मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात, आणि दुधातली प्रथिनं त्यांच्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. मिक्सर हवा भरपूर कोंबतो, पण बुडबुडे बारीक करायचं दुसरं काम त्याच्याकडून नीट होत नाही. म्हणून तुमचा फेस बसतो.

वाफ दुधात मिसळली की कॉफी पाणचट होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. एक ग्रॅम वाफ पाणी होताना सुमारे 540 कॅलरी उष्णता सोडते. म्हणून फ्रिजमधलं 200 मिली दूध 65 अंशांपर्यंत तापवायला साधारण 20 ग्रॅम वाफ पुरते, म्हणजे चार लहान चमचे पाणी. म्हशीच्या दाट दुधाला ते जाणवतही नाही. आधीच पाणी घातलेल्या दुधाला मात्र जाणवतं.

म्हशीच्या दुधात किमान 5 टक्के स्निग्धांश असावा असं मानक आहे. टोन्ड दुधात 3, डबल टोन्डमध्ये 1.5 टक्के. स्निग्धांश कमी तर फेस जास्त, स्निग्धांश जास्त तर चव भरीव. मी चवीच्या बाजूचा आहे. फक्त गवळ्याचं दूध आधी उकळून घ्या. वाफेने क्षणभर 65 अंशांवर नेलेलं कच्चं दूध निर्धोक होत नाही. पाश्चरीकरणाला 63 अंशांवर 30 मिनिटं किंवा 72 अंशांवर 15 सेकंद लागतात. उकळून, निववून, साय काढून ते गाळा आणि फ्रिजमध्ये चांगलं गार होऊ द्या.

गार करणं टाळू नका. साधारण 20 ते 40 अंशांच्या दरम्यान दुधातली चरबी अर्धवट वितळलेली असते आणि अशी चरबी फेस मोडते. वैशाखात आपल्याकडे ओट्यावरचं दूध नेमकं त्याच तापमानाला असतं! वाफ देताना भांड्याच्या तळाला हात ठेववेना की थांबा. 70 अंशांपुढे दुधाला उकळल्याचा वास येतो आणि दुधाचा गोडवा हरवतो.

आता कुकर. शिट्टीच्या जागी घरगुती नळी बसवू नका, हे मी अगदी निक्षून सांगतो. कुकरमध्ये वाफ सुमारे 120 अंशांवर असते. नळी दुधाने तुंबली किंवा निसटली तर भाजल्याशिवाय राहणार नाही. शिवाय गॅस बंद केला की आतली वाफ निवते, पोकळी होते आणि दूध उलटं नळीतून कुकरमध्ये ओढलं जातं. शिट्टीचं भोक चोंदतं ते असं. कुकरवर बसवायची तयार जोडणी बाजारात मिळते. ती वापरलीत तरी सेफ्टी व्हॉल्व्ह तपासा, नळी दुधाबाहेर काढल्यावरच गॅस बंद करा आणि टोक लगेच ओल्या फडक्याने पुसा.

त्यापेक्षा सोपं म्हणजे फ्रेंच प्रेस. गार दूध 60-65 अंशांपर्यंत तापवा, भांडं एक तृतीयांशच भरा आणि दट्ट्या भराभर खालीवर करा. जाळी बुडबुडे बारीक करते. शेवटी भांडं ओट्यावर हलकं आपटून गोल फिरवा, फेस चकाकतो.

राहिली कॉफी. खऱ्या एस्प्रेसोचं म्हणाल, तर लुइजी बेझेराचं 1901 चं इटालियन यंत्र वाफेच्या जोरावर चाले. मिलानच्या अकिले गाज्जियाची तरफेची यंत्रं 1948 पासून आली आणि दाब कितीतरी वाढला. आजची एस्प्रेसो साधारण 9 बार दाबावर 25-30 सेकंदांत उतरते. तेवढा दाब गॅसच्या शेगडीवर होत नाही. मोका पॉट, बियालेत्तीचा 1933 चा, एक-दोन बारवर चालतो, पण त्याचा कडक अर्क दुधापुढे टिकतो. पितळी फिल्टरचा दाट अर्कही चालेल. पूड शक्यतो ताजी दळून घ्या. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी पिकते, तिकडे जाणं झालं तर तिचे दाणे जरूर शोधा.

मोका पॉटमध्ये बोअरचं पाणी मात्र घालू नका. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, त्याचे क्षार भांड्यात आणि झडपेत साचतात. फिल्टरचं पाणी वापरा, आणि झडपेवर पांढरा थर दिसला की लिंबाच्या रसात गरम पाणी घालून ती भिजत ठेवा.