रुग्णालयातून घराकडे : वृद्ध माता-पित्यांचा हक्क

दिव्य कुरआनच्या सूरह अल-कससमध्ये (28 : 23-28) मदयनच्या पाणवठ्याचा प्रसंग आला आहे. आदरणीय मूसा (अ.) इजिप्त सोडून थकून-भागून तेथे पोहोचले. मेंढपाळांच्या गर्दीपासून दूर दोन मुली आपली जनावरे थोपवून उभ्या होत्या. वडील अतिशय वृद्ध असल्याने हे काम त्यांच्यावर आले होते. मूसा (अ.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले आणि ते सावलीकडे वळले. पुढे त्यांपैकी एकीने वडिलांना सुचविले की, यांना कामावर ठेवावे; कारण हा मनुष्य सशक्त व विश्वासू आहे. त्या वडिलांचे नाव कुरआनने सांगितलेले नाही, अनेक भाष्यकारांच्या मते ते आदरणीय शुऐब (अ.) होत.

वृद्धाच्या घराला लागणारे तीन आधार या प्रसंगात दिसतात : अपत्ये, अनोळखी असूनही धावून येणारा माणूस आणि मोबदला घेऊन काम करणारा विश्वासू सहायक.

गेल्या पावसाळ्यात एका रुग्णाच्या इयादतीसाठी मी रुग्णालयात गेलो होतो. अर्धांगवायू झालेल्या त्या बुजुर्गांचा डिस्चार्ज पाच दिवसांपूर्वीच लिहिला गेला होता. मुलगा उल्हासनगरमध्ये जीन्सच्या कारखान्यात नगावर काम करणारा. तो म्हणाला, “मौलाना, अब्बांना नेऊ कुठे? खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी कामावर गेलो नाही तर चूल पेटत नाही.” त्याच्या डोळ्यांत पाणी होते. बाहेर व्हरांड्यात दुसऱ्या कोणाची आई स्ट्रेचरवर खाटेची वाट पाहत होती.

उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय, बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय यांवर शहरांबरोबर आसपासच्या खेड्यांचाही भार आहे. उपचार संपल्यावर अडून राहिलेली खाट दोघांची हानी करते. बाहेरच्या रुग्णाला जागा मिळत नाही आणि आतल्या वृद्धाचे स्नायू दुर्बल होतात, अंगाला शय्याव्रण पडतात, नवा जंतुसंसर्ग जडतो. इतरांना हानी पोहोचवू नये, हे शरीअतचे मूलतत्त्व आहे.

सूरह बनी इस्राईलमध्ये (17 : 23) वृद्ध माता-पित्यांपुढे त्रासिक उद्गारही काढू नये अशी आज्ञा आहे. तेथे ‘इन्दक’, म्हणजे ‘तुझ्याजवळ’, हा शब्द आला आहे. वृद्धाचे स्थान अपत्याजवळ आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. हनफी फिकहनुसार गरजू माता-पित्यांचा निर्वाहखर्च ऐपतदार मुलगा व मुलगी दोघांवर वाजिब आहे. सासू-सासऱ्यांची शुश्रूषा हा सुनेचा उपकार आहे. मूळ कर्तव्य मुलाचे आहे. ते पत्नीवर ढकलून मुलाची सुटका होत नाही.

म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

1. घरची तयारी डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, भरतीच्या दिवशीच सुरू करावी. दिवसा जवळ कोण थांबेल, खाट कोठे असेल, शौचाची सोय काय, हे भावंडांनी एकत्र बसून ठरवावे.

2. परिचारिकेकडून औषधांच्या वेळा, नळी लावलेली असल्यास तिची निगा, साधारण दर दोन तासांनी कूस बदलण्याची रीत आणि धोक्याची लक्षणे समजून घ्यावीत.

3. पगारी सहायक ठेवणे हा माता-पित्यांचा अपमान नव्हे. मात्र तो सशक्त व विश्वासू असावा आणि त्याची मजुरी वेळेवर द्यावी.

4. मशिदीच्या कमिटीने घडीची खाट, हवेची गादी, व्हीलचेअर, वॉकर व कमोड-खुर्ची ठेवावी आणि आळीपाळीने मदतीला जाणाऱ्या तरुणांची यादी करावी. हनफी मतानुसार जकातीत गरजूला मालक बनवणे आवश्यक असल्याने सामायिक वस्तू जकातीतून घेऊ नयेत. त्या सदक्यातून घ्याव्यात. गरजू वृद्धाच्या हाती औषधासाठी जकात देता येते. परंतु स्वतःच्या माता-पित्यांना जकात देता येत नाही.

70 वर्षांवरील वृद्धांना आयुष्मान वय वंदना कार्डावर 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. परंतु घरच्या दीर्घकालीन शुश्रूषेचा भार ते उचलत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार वृद्धाला कायमचे टाकून देणाऱ्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. निर्वाहखर्चासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सल्ल्यासाठी 14567 ही हेल्पलाइन आहे.

त्या मुलाच्या अब्बांना अखेर मोहल्ल्यातील चौघा तरुणांनी खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर नेले. बहिणीने दुपारची वेळ वाटून घेतली. खाट शेजाऱ्यांनी दिली. यातले कोणतेही काम मोठे नव्हते. फक्त कोणीतरी आधी विचारायला हवे होते.

ज्याला वृद्ध माता-पिता लाभले आणि तरी ज्याने जन्नत मिळवली नाही, त्याच्या दुर्दैवाचा उल्लेख प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तीनदा केला (सहीह मुस्लिम). अल्लाह आपणां सर्वांना त्या दुर्दैवापासून वाचवो आणि शेजारच्या वृद्धाचे दार ठोठावण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.