मोबाईलचा क्षीण आवाज : दोष ओळखण्याची व काढण्याची रीत

शेतकऱ्याच्या घरीं नांगर, पाभर, कोळपें व पंप यांच्या जोडीला आतां मोबाईलही अवजारांत मोजावा लागतो. बाजारभाव विचारणें, मजूर सांगणें, ट्रॅक्टर भाड्यानें बोलावणें, पाण्याची पाळी ठरविणें हीं कामें पूर्वीं पायपीट करून होत. आज तीं बसल्या जागीं होतात. परंतु नांगराचा फाळ बोथट झाला तर तो बैलांच्या ओढीवरून व पडलेल्या तासावरून तत्काळ समजतो. मोबाईलमधून जाणारा आवाज बारीक झाला तर मात्र तें धन्यास मुळींच समजत नाहीं. कारण पलीकडच्या माणसाचें बोलणें त्यास स्वच्छ ऐकूं येत असतें. दोष आपला आणि तो कळतो दुसऱ्यास, हीच या दुखण्याची मोठी अडचण होय. यास्तव अँड्रॉइड जातीच्या मोबाईलमध्यें हा दोष शिरला असतां त्याची पाहणी कोणत्या क्रमानें करावी, घरच्या घरीं काय करावें व दुकानांत केव्हां जावें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

या गोष्टीची किंमत आम्हीं स्वतः मोजलेली आहे. आमचा दीड एकर उन्हाळी कांदा वाट्यानें दिलेला होता. कांद्याच्या माना पडूं लागल्या होत्या. अशा वेळीं पाणी तोडून कांदा जमिनींत पोसूं व वाळूं द्यावयाचा असतो. काढणीच्या तोंडावर पाणी पाजलेला कांदा चाळींत टिकत नाहीं, सडतो किंवा त्यास मोड येतात, हें वाचकांस सांगावयास नको. आम्ही लग्नकार्यानिमित्त परगांवीं होतों. तेथून आम्हीं वाटेकऱ्यास मोबाईलवरून सांगितलें, “आबा, कांद्याला पाणी सोडूं नका.” पलीकडून “बरं, भाऊसाहेब” असें उत्तर आलें आणि आम्ही निश्चिंत झालों. तिसऱ्या दिवशीं परत येऊन पाहतों तों सगळे वाफे भिजलेले! विचारतां आबा म्हणाले, “तुमचा आवाज लई बारीक येत होता. कांद्याला पाणी सोडू, एवढं ऐकलं. पुढचं काय ऐकायलाच आलं न्हाई.” तो कांदा चाळींत न भरतां, काढल्याबरोबर मिळेल त्या भावानें विकावा लागला. त्यांत आबांचा वाटा निम्मा होता. म्हणजे दोष आमच्या मोबाईलचा, आणि नुकसान ज्याचा कांहीं अपराध नाहीं अशा माणसाचेंही.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली. तेथें एक शिस्त अंगीं बाणली, ती ही कीं, आधीं स्थळपाहणी व मग नोंद. मोबाईलच्या बाबतींत लोक बहुधा याच्या उलट करतात. आवाज जात नाहीं असें कळतांच कोणी नवा मोबाईल घेतो, कोणी दुकानदार सांगेल तो भाग बदलतो, कोणी मोबाईलमधील सर्व मजकूर पुसून टाकतो. दोष कोठें आहे हें ठरण्यापूर्वीं केलेला खर्च म्हणजे मोजणीपूर्वीं घातलेला बांध होय.

मायक्रोफोन कोठें असतो

आपला आवाज घेणाऱ्या भागास मायक्रोफोन म्हणतात. हा मोबाईलचा कान होय. आजच्या मोबाईलमध्यें तो ज्वारीच्या दाण्याएवढा असून त्यांत सिलिकॉनचा अत्यंत पातळ पडदा असतो. आवाजाच्या लाटांनीं तो पडदा हालतो व त्या हालचालीचें विजेच्या खुणांत रूपांतर होतें. आवाज आंत जाण्याची वाट म्हणजे मोबाईलच्या खालच्या कडेस, चार्जरच्या खांचेजवळ असलेलें टांचणीच्या टोकाएवढें छिद्र. पुष्कळ मोबाईलांत वरच्या कडेस किंवा मागें कॅमेऱ्याजवळ दुसरें छिद्र असतें. तेथील मायक्रोफोन भोंवतालचा गोंगाट ऐकतो. दोन्हींची तुलना करून गोंगाट वजा केला जातो व आपलें बोलणें पुढें पाठविलें जातें. खालचें छिद्र बुजलें म्हणजे या हिशेबांतही घोटाळा होतो, आणि बोलणाऱ्याचा आवाजच कापला जातो. सिमकार्ड काढण्याचें छिद्र याहून वेगळें असतें व तें सिमकार्डाच्या कप्प्याच्या झांकणावरच असतें. दोहोंची गल्लत करून मायक्रोफोनच्या छिद्रांत सुई घालणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत.

पाहणीचा क्रम

१. प्रथम निरनिराळ्या गांवच्या तीन जणांशीं बोलावें. तिघांपैकीं एकालाच आवाज बारीक येत असेल तर दोष त्याच्या मोबाईलचा असण्याचा संभव अधिक. शब्द तुटक येत असतील, मध्येंच नाहींसे होत असतील, तर तो बहुधा रेंजचा दोष होय. जागा बदलून, घराबाहेर किंवा उंचवट्यावर येऊन पुन्हां बोलावें. तिघांनाही आवाज सारखाच बारीक येत असेल तर मात्र दोष आपल्याकडे आहे असें समजावें.

२. नंतर मोबाईलमधील ध्वनिमुद्रणाचें ॲप उघडावें. मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर धरून एक ते वीस अंक नेहमींच्या आवाजांत म्हणावे व तें ऐकावें. ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे, कारण हिच्यांत रेंजचा कांहीं संबंध येत नाहीं. येथें आवाज स्वच्छ आला तर मायक्रोफोन शाबूत आहे. येथेंही बारीक किंवा घोगरा आला तर छिद्र बुजलें आहे किंवा मायक्रोफोन बिघडला आहे.

३. मग एखाद्या जवळच्या माणसाशीं आधीं मोबाईल कानास लावून व नंतर स्पीकर चालू करून बोलावें. पुष्कळ मोबाईलांत स्पीकरवर बोलतांना दुसऱ्या मायक्रोफोनचा उपयोग होतो. तेव्हां स्पीकरवर आवाज चांगला व कानास लावल्यावर बारीक असें होत असेल, तर खालचें छिद्र संशयित ठरतें.

घरच्या घरीं करावयाचे उपाय

मोबाईलचें आवरण काढून पुन्हां बोलून पाहावें. स्वस्त आवरणांचीं भोकें पुष्कळदां जागेवर बसत नाहींत व मायक्रोफोनवर रबराची कड येते. मोबाईल धरतांना करंगळी त्या छिद्रावर टेकत नाहीं ना, हेंही पाहावें. ही संवय फार जणांस असते.

आवरण काढूनही गुण न आला तर छिद्राची सफाई करावी. मोबाईल बंद करावा. छिद्र खालीं येईल असा तो धरावा, म्हणजे सुटलेली धूळ आंत न जातां खालीं पडेल. मऊ केसांचा कोरडा दांत घासण्याचा ब्रश घेऊन छिद्रावरून हलक्या हातानें दहाबारा वेळां फिरवावा. सुई, टांचणी, काटा, काडी यांपैकीं कांहींही आंत घालूं नये. पडदा फाटला कीं तो शिवतां येत नाहीं. ट्रॅक्टरच्या चाकांत हवा भरण्याच्या यंत्रानें फुंकर मारणें तितकेंच घातक होय. पाणी, रॉकेल व स्पिरिट यांचाही उपयोग करूं नये.

मोबाईल पावसांत किंवा पाटांत भिजला असल्यास तो तत्काळ बंद करावा, पुसावा व वाऱ्याच्या जागीं सावलींत ठेवावा. पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावूं नये. तो तांदुळांत पुरून ठेवण्याची चाल पडली आहे. पण तांदुळाचा भुगा त्याच छिद्रांत जाऊन बसतो, म्हणून ती सोडावी. चुलीजवळ किंवा कडक उन्हांत ठेवण्यानेंही अपाय होतो.

ध्वनिमुद्रण स्वच्छ येत असून बोलतांना मात्र आवाज बारीक जात असेल, तर दोष यंत्रांत नसून मांडणींत असण्याचा संभव आहे. प्रथम मोबाईल एकदां बंद करून पुन्हां चालू करावा. नंतर ब्लूटूथ बंद करावें. घरांतील मुलांचा कानांत घालण्याचा ध्वनियंत्राचा जोड किंवा अंगणांतील मोटारगाडी यांच्याशीं मोबाईल आपोआप जोडला गेला असेल, तर आपण बोलतों हातांतील मोबाईलवर आणि ऐकतो तो गाडींतील मायक्रोफोन! कांहीं एका ॲपमध्येंच आवाज जात नसेल तर ‘सेटिंग्ज’मध्यें ‘ॲप्स’, त्यांत तें ॲप व त्याच्या ‘परवानग्या’ उघडून मायक्रोफोनची परवानगी दिलेली आहे कीं नाहीं तें पाहावें. २०२१ सालीं निघालेल्या अँड्रॉइड १२ पासून सर्व ॲपांकरितां मायक्रोफोन एकदम बंद करण्याची कळ देण्यांत आली आहे. ती चुकून दाबली गेली नाहीं ना, याचीही खात्री करावी.

एखादें नवें ॲप घेतल्यापासून बिघाड सुरू झाला असेल तर मोबाईल ‘सेफ मोड’मध्यें चालवावा. बहुतेक मोबाईलांत बंद करण्याची कळ दाबून धरल्यावर पडद्यावर जी बंद करण्याची खूण येते, तीच बोटानें दाबून धरली असतां ही सोय उघडते. या स्थितींत बाहेरून घेतलेलीं ॲपें चालत नाहींत. येथें आवाज नीट गेला तर तें नवें ॲप काढून टाकावें. मायक्रोफोनचा आवाज दुप्पट करूं अशी जाहिरात करणारीं ॲपेंही कांहीं जण घेतात. साध्या फोनवरील संभाषणाचा जाणारा आवाज वाढविण्याची मुभा अँड्रॉइड अशा बाहेरच्या ॲपांस देत नाहीं. त्यांच्यापासून लाभ नाहीं, उपद्रव मात्र संभवतो.

मोबाईल पुसून कोरा करणें हा शेवटचा उपाय होय. त्यानें छायाचित्रें व सर्व कागदपत्रें जातात. ध्वनिमुद्रणाच्या परीक्षेंत आवाज बारीक आला असेल व सफाईनेंही सुधारला नसेल, तर या उपायानें बहुधा कांहींच साधत नाहीं. यंत्राचा दोष पाटी कोरी केल्यानें जात नाहीं.

दुकानांत जातांना

वरील सर्व करूनही गुण न आला तर दुरुस्तीस जावें. हमीची मुदत शिल्लक असल्यास पावती घेऊन कंपनीच्याच दुरुस्तीकेंद्रांत जावें. बाहेर उघडलेल्या मोबाईलची हमी जाण्याचा धोका असतो. पुष्कळ मोबाईलांत खालचा मायक्रोफोन चार्जरच्या खांचेच्या लहान पट्टीवरच बसविलेला असतो व ती पट्टीच बदलतात. सबब कोणता भाग बदलणार व किती रुपये पडणार हें आधीं विचारावें, सिमकार्ड काढून घ्यावें व बँकेच्या व्यवहाराचा गुप्त अंक कोणास सांगूं नये. काम झाल्यावर दुकानांतच ध्वनिमुद्रण करून ऐकावें व मगच पैसे द्यावे.

आमच्या मोबाईलची हकीकत सांगतों. एका दुकानांत मोठी पट्टी बदलावी लागेल असें सांगण्यांत आलें. पैसे नव्हते म्हणून आम्ही घरीं परतलों, आणि वर लिहिलेल्या क्रमानें पाहणी केली. ध्वनिमुद्रण बारीक; स्पीकरवर आवाज ठीक. छिद्र भिंगाखालीं पाहिलें तों तंबाखूची भुकटी व चुना यांचा पांढरट बुच बसलेला! मोबाईल व चंची आम्ही सदऱ्याच्या एकाच खिशांत ठेवीत होतों. ब्रशनें सफाई करण्यास पाव तास लागला व आवाज पूर्ववत् झाला. त्या दिवसापासून चंचीचा खिसा निराळा केला आहे.

बोलण्याची रीत

यंत्र सुधारलें तरी एक गोष्ट उरते. टेलिफोनच्या जुन्या पद्धतींत दर सेकंदास सुमारें ३०० ते ३४०० कंपनांच्या दरम्यानचाच आवाज पलीकडे पोचविला जातो. स, श यांसारख्या वर्णांचा बराच अंश त्याहून वरचा असल्यामुळें वाटेंतच गळतो. मोबाईल तोंडापासून दुप्पट दूर गेला कीं त्यावर पडणारा आवाजाचा दाब जवळजवळ निम्मा होतो. त्यांत पंपाची घरघर असली म्हणजे ‘सात’चे ‘साठ’ होण्यास वेळ लागत नाहीं. आणखी असें कीं, आपल्या मराठींत नकार वाक्याच्या शेवटीं येतो, आणि वाक्याच्या शेवटींच माणसाचा आवाज उतरतो. म्हणजे जो शब्द सर्वांत महत्त्वाचा, तोच गळण्याचा संभव सर्वांत अधिक.

म्हणून आम्हीं दोन नियम केले आहेत. पहिला, मनाईचा निरोप ‘सोडूं नका’ असा न देतां ‘पाणी बंद ठेवा’ असा द्यावा. एखादा शब्द गळाला तरी अर्थ उलटा होत नाहीं. दुसरा, ऐकणाऱ्याकडून निरोप परत म्हणवून घ्यावा, आणि वजन, भाव किंवा औषधाचें प्रमाण असेल तर ‘साठ, सहावर शून्य’ याप्रमाणें अंक फोडून सांगावा. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावर सकाळीं ६ ते रात्रीं १० पर्यंत शेतीविषयक सल्ला मिळतो; तेथें विचारलेलें औषधाचें प्रमाणही असेंच परत म्हणून पक्कें करावें व लगेच टिपून ठेवावें.

आबांस आम्हीं त्यांच्या वाट्याच्या नुकसानीची भरपाई देऊं केली. ते म्हणाले, “राहूं द्या, भाऊसाहेब. पण आतां मी निरोप उलटून म्हणेन, तेव्हां रागावूं नका.” तेव्हांपासून आबा प्रत्येक निरोप उलटून म्हणतात, आणि आम्ही तो शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतों.