जुनाट दुखणें आणि मनावरील उपचार

"डॉक्टरांनीं फोटो काढला, रक्त तपासलें, आणि कांहीं निघालें नाहीं, मग ही अजून कण्हते कां?" असा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जातो. विचारणारानें बहुधा उत्तरही मनांत ठरविलेलें असतें. तें असें कीं, दुखणें खोटें आहे. जी बाई दुखण्यानें आधींच पिडलेली, तिच्यावर लबाडीचा आरोप येतो, आणि एका ओझ्याचीं दोन ओझीं होतात. आजच्या धड्यांत आपणांस तीन गोष्टी पाहावयाच्या आहेत : पुष्कळ दिवस टिकणारें दुखणें म्हणजे काय, तें खरें कसें, आणि मनावरील उपचारांनीं त्यास उतार कसा पडतो.

१. दुखणें कशाकरितां असतें

दुखणें हा शरीराचा राखणदार होय. काटा रुतला म्हणजे पाय आपोआप उचलला जातो. तव्याचा चटका बसला कीं हात मागें येतो. हा राखणदार नसता तर काय झालें असतें, हें कुष्ठरोगावरून कळतें. डॉक्टर पॉल ब्रँड हे शस्त्रवैद्य १९४६ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आले. कुष्ठरोग्यांचें मांस आपोआप सडून बोटें झडतात, अशी तेव्हां लोकांची समजूत होती. ब्रँड ह्यांनीं दाखवून दिलें कीं, रोगानें मज्जातंतु बधिर झाल्यामुळें भाजलें किंवा कापलें तरी रोग्यास कळत नाहीं, तो जखमेची काळजी घेत नाहीं, आणि त्यामुळें हातापायांचा नाश होतो. ह्यावरून दुखणें हा मुळांत आपला शत्रु नव्हे, हें उघड आहे.

२. राखणदार थांबत नाहीं तेव्हां

परंतु दारचें कुत्रें चोर पळून गेल्यावरही रात्रभर भुंकत राहिलें, पान हाललें तरी भुंकूं लागलें, तर घरच्यांस झोंप कशी येणार? जुनाट दुखण्याचें पुष्कळदां असेंच असतें. जें दुखणें तीन महिन्यांहून अधिक काळ टिकतें किंवा पुन्हां पुन्हां उलटतें, त्यास डॉक्टर जुनाट म्हणतात. कित्येकांस संधिवातासारखा चालू रोग असतो. परंतु कित्येकांची मूळ इजा केव्हांच भरून आलेली असते. मज्जातंतु व मेंदू मात्र इतके हळवे झालेले असतात कीं, साध्या हालचालीनेंही ते धोक्याची सूचना देऊं लागतात. कुत्र्याचें भुंकणें खरें असतें, चोर मात्र नसतो. तसेंच येथें दुखणें खरें असतें, जरी फोटोंत कांहीं दिसत नाहीं.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघानें २०२० सालीं वेदनेची व्याख्या सुधारली. तींत वेदना हा शरीराच्या संवेदनेचा व मनाच्या भावनेचाही अनुभव आहे असें म्हटलें असून, एखादा मनुष्य आपणांस दुखतें असें सांगतो तेव्हां त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असेंही सोबत नमूद केलें आहे.

३. मनाचा संबंध कसा येतो

१९६५ सालीं रॉनल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल ह्या शास्त्रज्ञांनीं असें मत मांडलें कीं, पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत जणूं एक दार आहे. इजेच्या ठिकाणाहून निघालेला निरोप ह्या दारांतून मेंदूकडे जातो, आणि तें दार कधीं अधिक उघडतें, कधीं कमी. मुलाचा गुडघा आपटला म्हणजे आई तो चोळते व मुलास बरें वाटतें. चोळण्याच्या स्पर्शानें दार कांहींसें लोटलें जातें. त्याचप्रमाणें मेंदूकडूनही ह्या दारावर हुकूम येतात. भीति, निराशा व जागरण ह्यांनीं दार अधिक उघडतें. धीर, विसांवा व एखाद्या कामांत लागलेलें लक्ष ह्यांनीं तें लोटलें जातें. ह्या मतांतील बारीक तपशील पुढें बदलले, तरी मुख्य मुद्दा टिकून राहिला.

दुसऱ्या महायुद्धांत हेन्री बीचर ह्या अमेरिकन डॉक्टरांनीं जबर जखमी झालेल्या शिपायांची विचारपूस केली. त्यांपैकीं पुष्कळांनीं, फार दुखत नाहीं, वेदनेवर औषध नको, असें सांगितलें. बीचर ह्यांनीं त्याचें कारण असें दिलें कीं, त्या शिपायास जखम म्हणजे रणांगणांतून जिवंत सुटका होती. घरीं मात्र तशीच जखम म्हणजे बुडालेली मजुरी व उद्यांची काळजी. ह्याचा अर्थ मन दुखणें उत्पन्न करितें असा नव्हे. दुखण्याचा अर्थ आपण काय लावितों, त्याप्रमाणें तें कमी-अधिक होतें.

४. मानसोपचारांत काय करितात

एक शेतकरी बाई आहे असें समजूं. दोन वर्षांपूर्वीं ती पडली. हाड मोडलें नाहीं, परंतु कंबर अजून दुखते. मानसोपचार करणारा प्रथम तिचें म्हणणें पूर्णपणें ऐकून घेतो व वर सांगितलेली राखणदाराची गोष्ट तिला समजावून देतो. "कळ आली म्हणजे आंत कांहीं तुटत आहे," ही तिची भीति ह्यामुळें कमी होऊं लागते.

दुसरें, तिच्या मनांत येणारे विचार तो तिच्याबरोबर तपासतो. "आतां मी कोणाच्या उपयोगाची नाहीं," असें ती म्हणते. तो विचारतो, "गेल्या आठवड्यांत आपण काय काय केलें?" तिनें नातवास निजविलें, धान्य निवडलें, शेजारणीस सल्ला दिला. विचार व वस्तुस्थिति ह्यांतील अंतर तिचें तिलाच दिसूं लागतें.

तिसरें, काम व विसांवा ह्यांची वांटणी. बरें वाटलें त्या दिवशीं ती पाणी, धुणें, सारवणें सगळें उरकते आणि पुढचे तीन दिवस खाटेवर पडते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस ह्यांनीं ह्या बाबतींत मोलाचें काम केलें, व १९७६ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या पद्धतींतील नियम असा कीं, घड्याळ पाहून थांबावें, कळ पाहून नव्हे. पंधरा मिनिटें काम सहज होत असेल तर दहा मिनिटांपासून आरंभ करावा. दुखो वा न दुखो, ठरल्या वेळीं थांबावें. आणि दर आठवड्यास एकदोन मिनिटें वाढवावीं. अशानें शरीर व मेंदू हे दोघेही शिकतात कीं, हालचाल म्हणजे धोका नव्हे.

चौथें, संथ श्वास घेणें, ताठलेले स्नायु सैल सोडणें, झोंपेची वेळ नियमित ठेवणें, ह्या गोष्टी शिकवितात. पांचवें, दुखणें जाईपर्यंत आयुष्य थांबवून न ठेवतां, जें आपणांस प्रिय आहे त्याकडे दुखण्यासह थोडें थोडें परत जाण्यास धीर देतात.

५. गुण किती येतो

येथें खरें तेंच सांगितलें पाहिजे. २०२० सालीं मोठ्या माणसांवरील ७५ चाचण्यांचा एकत्र विचार प्रसिद्ध झाला. त्यांत ९ हजारांहून अधिक रोगी होते. विचार व वर्तन ह्यांवरील उपचारांनीं वेदना, अपंगता व मनाचा त्रास हीं तिन्ही कमी होतात, परंतु सरासरीनें थोडीं, असें त्यांत आढळलें. म्हणून दुखणें समूळ जाईल असें वचन कोणीं देऊं नये. तथापि जिला रात्रीं चार तास अधिक झोंप लागली, जी पुन्हां विहिरीपर्यंत चालत गेली, तिला थोडा गुण ही थोडी गोष्ट वाटत नाहीं.

६. सावधगिरी व साहाय्य

प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. दुखण्याबरोबर ताप येणें, वजन घटणें, पाय लुळा किंवा बधिर पडणें, लघवी-शौचावरील ताबा जाणें, ह्यांपैकीं कांहीं असल्यास विलंब न करितां दवाखान्यांत जावें. चालू औषधें आपल्या मनानें बंद करूं नयेत. मानसोपचारासाठीं जिल्हा रुग्णालयांत चौकशी करावी. सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस नांवाची फुकट सेवा चालविली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर फोन केला असतां मराठींतही बोलतां येतें.

घरच्या मंडळींनीं व भेटीस जाणाऱ्या उपदेशकांनीं ढोंग हा शब्द तोंडीं आणूं नये. दुखणें टिकलें म्हणजे विश्वास कमी पडला, असेंही सुचवूं नये. त्यानें आजाऱ्याच्या मनावर दुसरी जखम होते. दर भेटींत "किती दुखतें?" असें न विचारतां "आज काय करतां आलें?" असें विचारावें. सारें काम तिच्या हातून काढूनही घेऊं नये, आणि सारें तिच्यावर टाकूंही नये. तिचें ऐकून घेणें, हें कोणालाही आजच करतां येईल.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. दुखण्यास राखणदार कां म्हटलें आहे?
२. फोटोंत कांहीं न दिसतां दुखणें खरें कसें असूं शकतें?
३. घड्याळ पाहून थांबण्याचा नियम आपल्या गांवच्या कोणत्या कामास लावतां येईल?
४. आपल्या ओळखींत पुष्कळ दिवस दुखण्यांत असलेलें कोण आहे, आणि आपण त्यास शेवटचें काय बोललों?