संवाद-चौकट : आधी वाचन, मग उत्तर

संगणकावर काम चालू असता पडद्यावर मध्येच एक लहानशी चौकट उघडते, काही विचारते आणि उत्तरासाठी दोन-तीन बटणे पुढे करते. हिला संवाद-चौकट म्हणतात. बहुतेक संवाद-चौकटी उत्तर मिळेपर्यंत मागील काम अडवून धरतात. हे अडणे म्हणजे बिघाड नव्हे. अडथळा दूर करण्याच्या घाईत न वाचता बटण दाबले, तर शाळेच्या वर्षभराच्या नोंदी क्षणात नाहीशा होऊ शकतात.

जतन न केलेला मजकूर बंद करू लागल्यास ‘जतन करा’, ‘जतन करू नका’ व ‘रद्द करा’ अशी तीन बटणे दिसतात. पहिल्याने मजकूर राहतो. दुसऱ्याने शेवटच्या जतनानंतरचे बदल जातात. तिसऱ्याविषयी मात्र गैरसमज आढळतो. ‘रद्द’ होते ते बंद करणे, मजकूर नव्हे. मजकूर होता तसा पुन्हा समोर येतो. म्हणून संशय असेल तेव्हा हेच बटण दाबावे. एस्केप कळही बहुधा हेच कार्य करते. याउलट एंटर कळीने सामान्यतः ठळक दाखविलेले बटण दाबले जाते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रसंग अधिक जोखमीचा आहे. यंदाचे निकालपत्रक गतवर्षीच्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये जतन करू गेल्यास, ‘या नावाची फाइल आहे, ती बदलावयाची काय?’ अशा अर्थाचा प्रश्न येतो. ‘होय’ म्हणताच जुने पत्रक जाऊन त्या जागी नवे बसते. तेथे ‘नाही’ म्हणावे व नव्या नावात वर्ष घालावे.

बटणावरील शब्दांचे महत्त्व संगणक घडविणाऱ्यांनाही अनुभवानेच कळले. १९८३ साली विक्रीस आलेल्या ॲपल कंपनीच्या लिसा संगणकाची चाचणी चालू असता, ‘डू इट’ म्हणजे ‘हे करा’ हे इंग्रजी शब्द जवळजवळ आल्यामुळे ‘डोल्ट’ म्हणजे ‘मठ्ठ’ असे वाचले गेले. पुढे त्या बटणावर ‘ओके’ हा शब्द आला.

वर्गात प्रत्येक गटास पाच ओळींची सरावाची फाइल द्यावी. विद्यार्थ्याने तीत एक ओळ वाढवून ती बंद करू लागावे, चौकटीतील प्रश्न मोठ्याने वाचावा, प्रत्येक बटणाचा परिणाम आधी सांगावा व मगच बटण दाबावे. नंतर फाइल पुन्हा उघडून आपले उत्तर पडताळावे. चौकट इंग्रजीत असल्यास तिचा मराठी अर्थ शिक्षकांनी फळ्यावर लिहावा. शाळेच्या खऱ्या दप्तरावर हा सराव करू नये.

प्रश्न नीट वाचून उत्तर द्यावे, असे परीक्षेच्या वेळी आपण मुलांना सांगतोच. संगणकापुढे बसल्यावर तोच नियम आपणही पाळावा.