भिंतीलगतचे काचघर

प्रश्न : महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीत दव गोठून रोपे करपतात. घराच्या भिंतीस टेकून कामचलाऊ काचघर उभारता येईल काय?

उत्तर : अवश्य येईल, मात्र भिंत दक्षिणाभिमुख असावी, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना दिवसभर तापलेला भिंतीचा जांभा दगड रात्री जी ऊब सावकाश परत देतो, तिच्यावरच या साऱ्या खटाटोपाची भिस्त आहे. बांबूचा सांगाडा आणि जुन्या खिडक्यांची तावदाने अथवा २०० मायक्रॉन जाडीचा पारदर्शक प्लास्टिक कागद एवढ्या सामग्रीत काम भागते. बांबूचे बूड दगडावर टेकवावे, आणि वाफा भिंतीपासून हातभर दूर राखावा. एरवी ओल जोत्यात शिरेल, व मग घरमालकाची तक्रार रास्तच ठरेल. थंडीची तजवीज करताना बहुतेकांची दुपारच्या उन्हाविषयी गफलत होते : छपराच्या वरच्या कडेस उघडझाप करता येणारी झडप नसेल, तर हिमापासून वाचलेली रोपे उष्म्याने होरपळतील, म्हणून झडप उन्हे चढताच उघडावी आणि सूर्यास्तापूर्वी मिटावी. काळा रंग दिलेले पाण्याचे पिंप आत ठेवल्यास उबेची शिल्लक वाढते. मृगापूर्वी मात्र सर्व आच्छादन उतरवून ठेवावे; तेथील पर्जन्यापुढे असल्या तकलादू छपराची मातब्बरी ती काय!