सुजलेली पापणी उघडून पाहिल्याशिवाय निदान नको

लहान मुलांचे डोळे तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. डोळ्याच्या खोबणीतल्या जंतुसंसर्गाबद्दल त्यातून जे हाती लागलं, ते असं.

१. पापणी टम्म फुगली की मूल डोळा उघडत नाही, हात लावू देत नाही, आणि कागदावर ‘पापणीला सूज’ एवढंच लिहिलं जातं. तिथे थांबू नये. आईने मुलाला मांडीवर घट्ट धरावं, डॉक्टरने डोळा बधिर करणारा थेंब टाकावा आणि बुबुळावर दाब न देता पापणी वर उचलावी. डोळा पुढे आलाय का? सगळ्या बाजूंना फिरतोय का? फिरवताना दुखतंय का? दिसतंय का? पापणीतल्या पातळ पडद्याच्या पुढे संसर्ग असेल, तर पापणी लाल आणि गरम असते, पण आतला डोळा बहुधा पांढरा असतो, मोकळा फिरतो. पडद्याच्या मागे गेला असेल, तर यांतलं काहीतरी बिघडलेलं सापडतं. ताप दोन्हींत येतो, त्यावरून फरक ठरवता येत नाही.

२. डोळ्याइतकीच नाकाची चौकशी करावी. पालक म्हणतात, “रात्री काहीतरी चावलं असेल.” कधीकधी खरंच चावलेलं असतं. पण खोबणीतला संसर्ग बहुतेक वेळा नाकाशेजारच्या सायनसमधून येतो. दोन्ही डोळ्यांच्या मधले सायनस जन्मापासूनच असतात आणि त्यांच्या व डोळ्याच्या मधलं हाड कागदासारखं पातळ असतं. म्हणून सर्दी किती दिवस आहे, शेंबूड घट्ट पिवळा आहे का, दाढ किडली आहे का, हे विचारायचंच.

३. डोळ्याच्या नसेवर दाब आलाय का, हे टॉर्चने कळू शकतं. उजेड चांगल्या डोळ्यावरून दुखऱ्या डोळ्यावर नेला आणि बाहुली लहान व्हायच्या ऐवजी मोठी झाली, तर घाई करावी. जरा मोठ्या मुलाला औषधाच्या बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्याने दाखवावं. एका डोळ्याला ते फिकं दिसलं, तरी तोच इशारा.

४. सीटी स्कॅन प्रत्येक सुजलेल्या पापणीला लागत नाही. डोळा पुढे आला, हालचाल अडली, नजर कमी झाली, डोळा नीट पाहताच आला नाही किंवा शिरेतून औषध देऊनही एक-दोन दिवसांत उतार पडला नाही, तर मात्र टाळू नये. चँडलर या डॉक्टरांनी १९७० मध्ये या आजाराचे पाच प्रकार मांडले. ते आजही उपयोगी आहेत, पण प्रत्येक मूल एकेक पायरी चढत जात नाही. हाड आणि त्यावरच्या आवरणाच्या मध्ये पू साठलेला दिसला, की पालक शस्त्रक्रियेच्या धास्तीने गळून जातात. नऊ वर्षांखालच्या मुलांमध्ये नाकाच्या बाजूचा लहान साठा, नजर शाबूत असेल तर, पुष्कळदा शिरेतल्या प्रतिजैविकांनी विरतो. अशा वेळी “अजून थोडं बघू” म्हणणारा डॉक्टर चालढकल करत नसतो. अट एकच : मूल रुग्णालयात दाखल हवं, आणि बालरोग, नाक-कान-घसा व नेत्र असे तिन्ही डॉक्टर त्याच्याकडे लक्ष देणारे हवेत.

५. ताप नाही, सर्दी नाही आणि डोळा झपाट्याने पुढे येतोय, तर गाठीचा विचार करावा. रॅब्डोमायोसार्कोमा हा कर्करोग असाच येऊ शकतो. बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या आतल्या कर्करोगाचा. मधुमेही मुलाच्या नाकात काळी खपली दिसली, तर काळ्या बुरशीचा. २०२१ मध्ये आपल्याकडे ही बुरशी प्रामुख्याने मोठ्यांत दिसली, पण मुलं तिच्यापासून सुरक्षित नाहीत.

६. दुसराही डोळा सुजू लागला, उलट्या, असह्य डोकेदुखी किंवा गुंगी आली, तर संसर्ग मेंदूकडे निघालाय असं धरून चालावं.

७. मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब नकोत, हळदीचा लेपही नको. पापणीपुरत्या संसर्गावर गोळ्या-औषध देऊन घरी पाठवलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायलाच सांगते. तोवर दर काही तासांनी त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढायचा आणि सूज वाढली, डोळा फिरवताना दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागलं, तर सकाळची वाट न बघता रात्रीच निघायचं.