शास्त्रज्ञाची बढती : प्रयोगशाळा की व्यवस्थापकाची खुर्ची?

कारखान्याच्या संशोधन विभागात काम करणाऱ्या माणसाला शास्त्रज्ञ म्हणावे की नोकरदार? प्रश्न थोडा उद्धट वाटेल. परंतु समाजशास्त्रज्ञांनी तो गंभीरपणे हाताळला आहे. विद्यापीठात विद्यार्थ्याला शिकवण मिळते ती ज्ञान जाहीर करण्याची आणि जाणकारांच्या कसोटीस उतरण्याची. उद्योगात शिरताच त्याला सांगितले जाते, की शोध गुप्त राहावा, मुदतीत लागावा आणि त्यातून नफा व्हावा. या दोन निष्ठांची ओढाताण विल्यम कॉर्नहाउझर यांनी १९६२ साली ‘सायंटिस्ट्स इन इंडस्ट्री’ या ग्रंथात मांडली.

तत्पूर्वी १९५७ साली ॲल्विन गोल्डनर यांनी नोकरदारांचे दोन प्रकार सांगितले होते. ‘विश्वाभिमुख’ मनुष्य आपल्या विषयाशी एकनिष्ठ असतो. ‘स्थानिक’ मनुष्य आपल्या संस्थेशी. गंमत अशी, की हा अभ्यास एका लहानशा महाविद्यालयातील प्राध्यापकांवर केलेला होता! आपल्या गुरुजनांनी स्वतःला कोणत्या गटात घालावे, हे त्यांनीच ठरवावे.

औद्योगिक संशोधकांना हीच कसोटी लावली, तर ढोबळमानाने तीन वृत्ती दिसतात. पहिल्याला शोधनिबंध व मान्यता हवी असते, दुसऱ्याला अधिकार व पद, तर तिसऱ्याला हातातले काम रंजक असले की पुरे.

महाराष्ट्रात याची उदाहरणे आहेत. पुण्याच्या पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन १९५० साली झाले. शास्त्र आणि उद्योग यांची सांगड घालणे हे तिचे कामच. डॉ. रघुनाथ माशेलकर इंग्लंडमधील सॅलफर्डहून १९७६ साली येथे आले, १९८९ मध्ये संचालक झाले आणि १९९५ मध्ये सी.एस.आय.आर.चे महासंचालक. १९९८ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही त्यांना लाभले. अधिकार आणि शास्त्रीय मान्यता दोन्ही मिळाल्याचे हे उदाहरण. परंतु असा योग विरळा. पुण्यातच १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन केंद्राने भाताच्या तुसाच्या राखेवर काम केले, आणि त्यातून २००९ साली ‘स्वच्छ’ हे पाणी गाळण्याचे स्वस्त यंत्र बाजारात आले. तिसऱ्या वृत्तीच्या अभियंत्याला आपली कृती घरोघरी वापरली जाते, यापेक्षा मोठे बक्षीस कोणते?

अडचण येते ती बढतीच्या वेळी. पगार आणि मान वाढवायचा तर माणसाला व्यवस्थापक करावे लागते. अशा वेळी एक चांगला संशोधक गमावून एक सामान्य अधिकारी पदरी पडण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणून ‘दुहेरी शिडी’ निघाली : एक व्यवस्थापनाची, दुसरी तांत्रिक पदांची. पण दुसऱ्या शिडीवर हुद्दा असतो, सत्ता नसते. शिवाय राल्फ कॅट्झ व टॉमस ॲलन यांना १९८६ च्या अभ्यासात असे आढळले, की अनेक अभियंत्यांना दोन्ही शिड्यांपेक्षा आव्हानात्मक प्रकल्पच हवे असतात, आणि वयाबरोबर ही पसंती वाढते.

मग व्यवस्थापनाचे वारेही लागू देऊ नये काय? तसेही नाही. पेल्झ व अँड्र्यूज यांच्या १९६६ च्या पाहणीत, सगळा वेळ केवळ संशोधनाला देणाऱ्यांपेक्षा थोडा वेळ अध्यापन वा प्रशासन यांना देणारे संशोधक सरस ठरले. तेव्हा प्रमाण महत्त्वाचे.

आपल्या सोलापूरशी याचा संबंध काय? चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या लहान यंत्रमाग कारखानदाराला स्वतःची प्रयोगशाळा परवडत नाही. मुंबईत १९५४ साली स्थापन झालेल्या ‘बाँबे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन’सारख्या सहकारी संशोधन संस्था अशाच गरजेतून निर्माण झाल्या. सुताचा पीळ, रंगाचा पक्केपणा, सांडपाणी यांवर वर्षानुवर्षे चिकाटीने काम करणारी माणसे येथे लागतात. येथील वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९८३ पासून अभियंते तयार होत आहेत. परंतु घरी पहिला प्रश्न असतो, “किती माणसे हाताखाली आहेत?” कोणता शोध लावला, हे कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न विचारणारा समाज म्हणजे आपणच. प्रतिष्ठेची मापे प्रयोगशाळेत ठरत नाहीत; ती घरात, लग्नाच्या बैठकीत आणि वर्गात ठरतात. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी या मापांचा अभ्यास केला, तर शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेतच राहून मोठे होण्याची वाट थोडी रुंद होईल.